पालथी वाटी

हसाल तुम्ही, पण त्या सहलीला निघताना मला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता इतका आनंद झाला होता. दुष्काळाचं साल. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आणि मी, निवृत्त भूगोल मास्तर, बायकोला, उमाबाईला, घेऊन परदेशी निघालो. तेही अशा देशात, जिथं सहसा कुणाला शिरूच देत नाहीत. तीस वर्षं नकाशावर छडी टेकवून मुलांना दाखवलेला तो देश! नाव घेत नाही. उमाबाई घेऊ देत नाही.

तिथं सगळं सरकारी गाईडच्या इशाऱ्यावर. तो सांगेल तिकडंच बघायचं, तो म्हणेल तेव्हाच फोटो. प्रत्येक दारात आम्हा चौदा जणांना मोजायचा. कुणाशी बोलायचं नाही, कुणाकडून काही घ्यायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही. मला तर या धाकाचीसुद्धा मजा वाटत होती.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एक आदर्श गाव दाखवलं. पांढरीशुभ्र घरं, निळ्या खिडक्या. पण कुत्रं नाही, चुलीचा धूर नाही. ओल्या चुन्याचा वास तेवढा. आम्ही दोघं जरा मागं रेंगाळलो, तर एका उघड्या खिडकीतून बाईचा हात बाहेर आला. हातात चिनी मातीची वाटी. हातानं ती पालथी करून दाखवली, मग सुलटी धरली.

लातूरच्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. उमाबाईनं आपली बाटली उघडली.

"घे माय. लातूरची हाय मी, मला कळतंय..."

अख्खी बाटली ओतली. वाटी भरली नाही. हात आत गेला. मी हरखून गेलो, एकदाचं खरं माणूस भेटलं! लगबगीनं खिडकीत डोकावलो. चौकटीमागं वीतभर अंतरावर विटांची सलग भिंत होती.

अंगावर काटा आला. खोटं का बोलू, बरंही वाटलं. असंच काही बघायला तर आलो होतो.

गाईड धावत आला. रिकामी बाटली पाहून त्याचा चेहरा उतरला. मोडक्या हिंदीत हळूच म्हणाला, "पाणी दिलंत?... गाव सांगितलं का तिला?"

"हाव," उमाबाई म्हणाली. "का बरं?"

त्यानं आम्हाला घाईनं घोळक्यात ढकललं. सीमेवर सोडेपर्यंत आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

परतल्यावर मी गल्लीभर त्या देशाच्या गोष्टी सांगत हिंडलो, भिंतीची तेवढी गाळून. नवव्या दिवशी टँकर यायचा होता. आमच्याकडं टँकरच्या रांगेत माणसं उभी नसतात, भांडी असतात. पहाटेच भांडं ठेवून जायचं. भांडं तिथं नंबर. दुसऱ्याच्या भांड्याला कुणी हात लावत नाही.

टँकर आला तसे आम्ही गेलो, तर सगळ्यांत पुढं चिनी मातीची एक वाटी पालथी ठेवलेली.

"कुणाची हाय गं?" शेजारच्या नागुबाईनं विचारलं. जो तो आपापल्या घागरीकडं बोट दाखवू लागला.

"काढा ती..." म्हणत उमाबाई मागं सरकली.

"असं कसं? नंबर हाय तिचा. वाटीला लागतंय किती!" म्हणत नागुबाईनं वाटी सुलटी करून हातात धरली आणि टँकरची नळी तिच्यात सोडली.

मागं साठ घागरी, आणि वाटी भरेचना. टँकरवाल्यानं कॉक बंद करायला हात घातला, तो फिरेना. अकराला टँकर कोरडा झाला. खाली थेंबही सांडला नव्हता.

आणि आमच्या डोळ्यांदेखत, नागुबाईच्या हातात, ती कोरडीच वाटी आपोआप हळूच पालथी झाली.