शिरस्त्राणातले खारे पाणी

काच आतून ओली होती. बाबांचे शिरस्त्राण (पाण्याखाली जाताना घालायचा काचेचा टोप) पुसताना उर्वीच्या बोटाला पाणी लागले. तिने जिभेला लावून पाहिले. खारट! कोकणच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्राच्या तळाशी वसलेल्या त्यांच्या वसाहतीत लहान पोरांनाही ठाऊक असे, की टोपात समुद्र शिरला तर माणूस परत येत नाही. आणि बाबा तर रोज बाहेर जाऊन प्राणवायूच्या नळ्या दुरुस्त करत.

ती टोप घेऊन धावत जिवतीकडे गेली. जिवती ही आईची आणि तान्ह्या भावाची देखभाल करणारी यंत्रदाई. तिने एक थेंब तपासला.

"गळती नाही. समुद्राच्या मानानं यात मीठ पावपटच आहे. शिवाय प्रथिनं (शरीरात तयार होणारे पदार्थ) आहेत. हे अश्रू आहेत, उर्वी."

"बाबांचे? बारशाला सगळ्यांत मोठ्यानं तेच तर हसत होते!"

"टोप घातला की आतलं रडणं बाहेर ऐकू येत नाही."

उर्वी रागावली. "मग तू त्यांना कधी विचारलं का नाहीस?"

"आईला रोज विचारते. झोप लागते का, रडू येतं का, भीती वाटते का. बाबांची नोंद माझ्याकडे 'पाहुणे' अशी आहे. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांचं काय काम, असं इथल्या मोठ्यांनी मला घडवणाऱ्यांना बजावलं होतं."

वा रे शहाणपण! माणसांनी समुद्राच्या तळाशी घरे बांधली, आणि हा एक उंबरठा तेवढा जपून खाली आणला.

"बाबांचं काही चुकलं का गं?" उर्वीने हळूच विचारले.

"नाही. मेंदूतल्या पेशी रसायनांच्या मदतीनं एकमेकींना निरोप धाडतात. बाळ आलं की झोप मोडते, काळजी वाढते. आईच्या, आणि थोडीफार वडिलांच्याही, शरीरातली संप्रेरकं (रक्तातून हुकूम पोहोचवणारी द्रव्यं) बदलतात. हे सगळं एकदम आलं, की कधीकधी निरोपांची घडी विस्कटते. आवडत्या गोष्टीही नकोशा होतात. अशी उदासी बरेच दिवस हटली नाही, तर तिला नैराश्य म्हणतात. तो आजार आहे, दुबळेपणा नव्हे."

"औषध असतं?"

"उपचार असतात. पण आजारी माणसानं सांगायला हवं."

संध्याकाळी बाबा आले ते हसतच. उर्वीने त्यांचा हात धरून त्यांना थेट आईच्या खोलीत नेले. जिवती आईला रोज विचारायची, तेच प्रश्न तिने त्यांना विचारले.

"मला काय धाड भरलीय!" बाबा म्हणाले.

"बाळाला घेताना भीती वाटते?" जिवतीने विचारले.

बाबांचे हसू मावळले.

"वाटते. माझ्या हातून एखादी नळी सैल राहिली, तर हा श्वास कसा घेईल? दिवसरात्र तेच डोक्यात. कशातच जीव लागत नाही."

"मला का नाही सांगितलंस रे?" आई म्हणाली.

"बाळंतपण तुझं झालं. मी कुठल्या तोंडानं रडू?"

आईने बाळाला जिवतीकडे दिले आणि बाबांना जवळ घेतले. उर्वीलाही रडू आवरेना.

दुसऱ्याच दिवशी जिवतीने बाबांची मानसोपचारतज्ज्ञांशी (मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी) गाठ घालून दिली. पाण्यातले काम काही काळ थांबले. बोलणे, झोप आणि थोडी औषधे सुरू झाली. वसाहतीतल्या सगळ्या यंत्रदायांना आता नुकत्याच बाप झालेल्यांचीही चौकशी करायला शिकवले जात होते. काही आजोबांनी नाके मुरडली, पण कुणी अडवले नाही.

एका सकाळी उर्वीने विचारले, "बाबा, आज कसं वाटतंय?"

बाबांनी सवयीने हसायला तोंड उघडले, आणि मिटले.

"आज बरं नाही वाटत गं."

उर्वीला वाईट वाटले. पण आज त्यांनी ते तिला सांगितले होते. ती त्यांना खेटून बसली, आणि बाबा उठून गेले नाहीत.