वियोग-सेवेवर काट

तिबिलिसी या परदेशी शहरातल्या ‘अंकुर’ केंद्राच्या प्रयोगशाळेत काचेपलीकडे भ्रूण वाढत होते आणि काचेअलीकडे शाल्मली केळशीकर खर्चाचा तक्ता वाचत होती. पुण्यात ती कॉस्ट अकाउंटंट होती. कुठलाही तक्ता हाती आला, की त्यातली एक तरी ओळ काटल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिचा नवरा विश्राम शेजारी बसून मुकाट चहा पीत होता.

वकील, विमा, प्रसूती, गर्भधारिकेच्या मोबदल्याचे हप्ते. नीनो नावाची, दोन मुलांची आई असलेली बाई त्यांचं मूल पोटात वाढवणार होती. इथपर्यंत ठीक होतं.

“ही वियोग-सेवा काय आहे, डॉक्टर? प्रसूतीइतकाच खर्च?”

“मूल दिल्यावर तिला सावरायला समुपदेशक लागतो, सहा महिने,” डॉ. उन्मेष वर्तक म्हणाले. ते मूळचे साताऱ्याचे, म्हणून तर तिने हे केंद्र निवडलं होतं. “शिवाय तिचा जीव गुंतला आणि तिने मुलावर हक्क सांगितला, तर कोर्टकचेरी आलीच.”

शाल्मलीला नेमकी हीच भीती होती. इतकी वर्षं वाट पाहून मिळणारं मूल, ते दुसऱ्याच बाईचं झालं तर?

“याला पर्याय?”

“मायारोधक. पाचव्या महिन्यापासून रोज एक गोळी. माया जडते ती एका संप्रेरकामुळे. मेंदूत ते जिथे जाऊन बसतं, त्या जागा ही गोळी आधीच अडवते. बाईला सगळं कळतं, सगळं आठवतं. जीव तेवढा गुंतत नाही.”

“आणि तिची स्वतःची मुलं?” विश्रामने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“प्रसूतीनंतर गोळी आम्हीच थांबवतो. आठवड्याभरात सगळं पूर्ववत. मध्येही कधी थांबवायची मुभा असते, पण आजवर एकीनेही तशी मागणी केलेली नाही.”

“म्हणजे एकही तक्रार नाही,” शाल्मली समाधानाने म्हणाली आणि तिने वियोग-सेवेवर काट मारली.

निहार जन्मला. नीनोने त्याला शाल्मलीच्या हातात दिलं, शेवटचा हप्ता जमा झाल्याची खात्री केली आणि घरी जाणारी बस किती वाजता आहे ते विचारलं. शाल्मलीला हायसं वाटलं.

पुण्यात निहारचं वजन नीट वाढत होतं. पण तो रडायचा फक्त भुकेने. आईकडे बघायचा तसाच कपाटाकडेही बघायचा. शाल्मलीने गाणी म्हटली, तोंडं वेडीवाकडी केली, त्याला रात्रंदिवस छातीशी धरलं.

“मी आले काय, गेले काय, त्याला सुतराम फरक पडत नाही हो,” ती पडद्यावरच्या वर्तकांना रडत म्हणाली.

वर्तकांनी चष्मा काढला. “वार हे औषध बाळापर्यंत जाऊ देत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. ती आमची चूक. नीनोच्या पोटात असताना गोळी त्यालाही मिळत गेली. त्याच्या मेंदूतल्या त्या जागा घडतानाच बंद झाल्या. उघडतील, पण कधी ते सांगता येत नाही.”

“तोवर मी काय करू? मला नाही सोसवत.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “अगदीच सोसेनासं झालं, तर तीच गोळी तुम्हाला देता येईल. कधीही थांबवता येते.”

खर्चही फार नव्हता.

आठवड्याभरात दुखायचं थांबलं. निहारचं दूध, आंघोळ, लस, सगळं ती वेळच्या वेळी करू लागली.

निहार चालायला लागल्यावर एका सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तिच्याकडे पाहून तो हसला आणि त्याने दोन्ही हात वर केले. “आई,” तो म्हणाला.

विश्रामच्या हातातला कप निसटला. “अगं, बघ तरी! आता ती गोळी बंद कर, शाल्मली!”

तिने पाहिलं. मुलगा हसत होता, हे तिला स्वच्छ दिसत होतं. गोळी कधीही थांबवता येत होती. पण थांबवावीशी वाटायला जे लागतं, तेच नेमकं तिच्यापाशी नव्हतं. गर्भधारिकांपैकी एकीनेही मागणी का केली नव्हती, ते तिला आता उमगलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

“बघते,” ती म्हणाली. तिने कपाचे तुकडे सुपलीत भरले, हात धुतले आणि गोळीसाठी पाणी घेतलं. निहारचे हात अजून वरच होते.