वाक्यं बाईंचीच होती

वडिलांचं प्राणवायूचं यंत्र बंद होतं आणि मुलीला ते चालू आहे असं वाटत होतं.

इंग्रजी माहितीपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे तिने आवाज होईपर्यंत बटण दाबून धरलं होतं. आवाज झाला. ती निर्धास्त झाली. शेजारीण सहज डोकावली, म्हणून वडील वाचले.

सकाळीच चौकशी अधिकाऱ्याला यंत्रकंपनीच्या मालकाचा फोन आला. "पुस्तिका आमच्या भाषासंपादक बाईंनी मंजूर केलीय. संध्याकाळी त्यांना घरी पाठवतोय. त्याआधी खातरजमा करा."

बाईंना कंपनीत सगळे 'कात्री' म्हणत. लांब वाक्य दिसलं की कापलंच. एका वाक्यात एकच काम, एका भागाला सगळीकडे एकच नाव, हा त्यांचा दंडक.

त्यांच्या टेबलाशेजारच्या खोक्यावर शब्दकोशांची चळत होती. अधिकाऱ्याने चहाचा कप तिथेच टेकवला. कारखान्याच्या जाड लाल चिकटपट्टीवर तो डुगडुगला.

"ही भाषा तुमची?"

बाईंनी पुस्तिका वाचली. त्यांचा चेहरा उतरला.

"वाक्यं माझीच आहेत. पण ही मी मंजूर केलेली नाही. नव्या यंत्राचा मजकूर विक्रीप्रमुख देणार होते. मी अजून वाटच बघतेय."

"मंजुरी तुमच्याच संगणकावरून गेलीय. जेवायला जाताना तो बंद करता?"

"नाही. सगळी घरचीच माणसं. कुणावर संशय घेणार?"

"मंजुरीआधी काय करता?"

"यंत्राचा एकच नमुना माझ्याकडे येतो. तो आणि मजकूर एखाद्या तिऱ्हाइताच्या हातात द्यायचा. मग माझी हाताची घडी, तोंडावर बोट. तो अडला, तर वाक्य चुकलं."

यंत्र बनवणारा अभियंता संतापलेला होता.

"नवं बटण एकदाच दाबायचं! धरून ठेवलं की आवाज होऊन यंत्र बंद होतं. टिपणात स्पष्ट लिहिलं होतं मी."

"टिपण कुणाला दिलंत?"

"विक्रीप्रमुखांना. पुढे ते बाईंकडे जातं."

विक्रीप्रमुख ऐसपैस बसले होते.

"बाईंच्या इंग्रजीचा केवढा जाच आम्हाला! एक शब्द इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. आणि आता स्वतःच तोंडावर आपटल्या."

"त्यांनी नमुना तपासला होता?"

"म्हणजे काय! यंत्र टेबलावर मांडलं, शिपायाला चालवायला लावलं आणि मगच मंजुरी दिली."

"तुम्ही पाहिलंत?"

"या डोळ्यांनी."

अधिकाऱ्याने मालकासह सगळ्यांना बाईंच्या खोलीत बोलावलं. जुन्या यंत्राची पुस्तिका नव्या पुस्तिकेशेजारी ठेवली.

"प्रत्येक वाक्य बाईंचं आहे. फक्त जुन्या यंत्रासाठी लिहिलेलं. तिथे बटण धरूनच ठेवावं लागायचं. ही वाक्यं कुणीतरी उचलून जोडली. इंग्रजी इतकं एकसारखं, की सांधा कुठे दिसेचना."

"कुणी?" मालकाने विचारलं.

"अभियंत्याने जोडली असती, तर बटणाची चूक राहिली नसती. ज्याने टिपण वाचायचीही तसदी घेतली नाही, त्याचं हे काम." तो विक्रीप्रमुखांकडे वळला. "बाईंनी यंत्र चालवून घेतलेलं तुम्ही पाहिलंत ना?"

"हो."

अधिकाऱ्याने शब्दकोश बाजूला केले. खोक्यावर नव्या यंत्राचं चित्र होतं. लाल पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती.

"हाच तो एकमेव नमुना. अजून उघडलेलाही नाही. मग तुम्ही पाहिलंत काय?"

विक्रीप्रमुखांनी घाम पुसला.

"माल भरून गाड्या उभ्या होत्या. या बाई महिना लावतात... एका पुस्तिकेने काय बिघडणार होतं?"

"एका म्हाताऱ्याचा जीव जात होता," अभियंता म्हणाला.

मालक बाईंकडे न बघताच म्हणाला, "बाई, सगळ्या घरांना सूचना पाठवा. आत्ताच्या आत्ता."

बाईंनी कागद ओढला, दोन वाक्यं लिहिली, एक खोडलं. मग कात्री घेऊन लाल पट्टी कापली. यंत्र टेबलावर ठेवलं आणि कागद अधिकाऱ्याच्या हातात दिला.

"अहो, पाठवा ना!" मालक ओरडला.

बाईंनी हाताची घडी घातली. ओठांवर बोट ठेवलं.

अधिकाऱ्याने कागद वाचला, बटण एकदा दाबलं आणि हात काढून घेतला. यंत्र घुमू लागलं.

"आता पाठवते," बाई म्हणाल्या.