बुधवारचे अडीच तास

पावसात चिंब भिजलेली छत्री काही केल्या मिटेना. संशोधन संस्थेच्या दारातच ती तरुणी छत्रीशी झटापट करत उभी होती. मागून कुणीतरी हात पुढे केला, खटका दाबला आणि छत्री मुकाट्याने मिटली.

"आता एवढं सांगा," ती म्हणाली, "ते नाहीसाहेब कुठे बसतात?"

"कोण?"

"दुर्बिणीचं वेळापत्रक लावतात ते. कुणी काहीही मागो, 'नाही'! सगळे त्यांना तेच म्हणतात... कुणाला सांगू नका हं."

"छे! मी कशाला सांगतोय?" तो गालातल्या गालात हसला. "तिसरा मजला. चला, मीही तिकडेच निघालोय."

जिना चढता चढता तिने त्याला सगळं सांगून टाकलं. शेजारच्या दीर्घिकांमधले क्ष-किरणांचे ठिपके शोधणं हे तिचं काम. हे ठिपके एकाएकी पेटतात, आख्ख्या दीर्घिकेत उठून दिसतात आणि काही आठवड्यांत विझूनही जातात. तीन वर्षांत तिला सापडलेले सगळे जुन्या नोंदींमधले – केव्हाच विझलेले! गेल्या रविवारी मात्र एक नवा पेटला होता. अवकाशातल्या दुर्बिणीने लगेच पाहिलं नाही, तर हाही हातचा जाणार होता.

"आणि नाहीसाहेब नाही म्हणाले तर?"

"तर त्यांच्या दारात बसून रडेन. मला छान रडता येतं."

तिसऱ्या मजल्यावर त्याने खिशातून किल्ली काढली, एका खोलीचं कुलूप उघडलं आणि वेळापत्रकाच्या पडद्यासमोर जाऊन बसला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बसा," तो म्हणाला. "रडायची घाई नको, कागद भिजतील. बुधवारी सकाळी अडीच तास काढता येतील. पण हा ठिपका आत्ताच का पाहायचा, ते एका पानात लिहून द्या. 'छान रडते' हे कारण वरच्यांना चालणार नाही."

शुक्रवारी दुपारी नोंदी हाती आल्या. काचेवरून पाऊस ओघळत होता आणि दोघं एकाच पडद्यावर वाकून बसली होती. ठिपका अजून तेजस्वी होता. नुसता तेजस्वी नाही, तर त्याचा उजेड एका लयीत कमी-जास्त होत होता... दर सव्वा सेकंदाला एक ठोका.

"म्हणजे वाटलं होतं तसं हे कृष्णविवर नाही," ती कुजबुजली. "एका शहराएवढा चिमुकला तारा आहे. गरगर फिरतोय, आणि सोबतच्या ताऱ्याचा वायू ओढून घेतोय."

आनंदाच्या भरात तिने त्याचा हात धरला. सोडायचं मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दोन महिन्यांत तो ठिपका मावळला. तिची तिसऱ्या मजल्यावरची कामं मात्र वाढतच गेली. कधी शंका, कधी आकडा, कधी नुसतंच – "इकडून चालले होते..." ती मावशीकडे राहायची. मावशी म्हणायची, "तुझा ठिपका विझला ना गं? मग चेहऱ्यावर उजेड कसला?"

आणि मग परदेशातून पत्र आलं. दोन वर्षांची नेमणूक, तीही याच शोधामुळे. तिने धावत जाऊन त्याला दाखवलं. त्याने ते शांतपणे वाचलं, घडी घालून परत दिलं.

"अभिनंदन. जायलाच हवं."

बस्स, एवढंच! त्यानंतर ती त्या मजल्यावर फिरकली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी दार वाजलं. तो उभा होता, केसांतून पाणी निथळत होतं.

"त्या दिवशी खोटं बोललो नव्हतो," तो म्हणाला. "तुम्ही जायलाच हवं. मी आडवा यायला नको, म्हणून गप्प बसलो. पण..."

"पण?"

"पण न सांगता तुम्हाला निरोप देणं जमेना. मला तुम्ही आवडता. फार आवडता. दोन वर्षं काय, जितकी लागतील तितकी..."

तिचे डोळे भरून आले. आतून मावशी ओरडली, "कोण आहे गं?"

ती दारातून बाजूला झाली, त्याची ओली बाही हलकेच धरली आणि पहिल्यांदाच म्हणाली –

"आत ये ना... तूच सांग तिला."