लाल कुलूप, हिरवं कुलूप

माझ्या पंपाला कुणीतरी हिरवं कुलूप लावून ठेवलं होतं!

एप्रिलचं ऊन नागपूरजवळच्या हिंगण्यात सकाळीच तापायला लागतं. घाम पुसत मी कारखान्याच्या पंपहाउसमध्ये शिरले, नव्या पंपाच्या विजेच्या खटक्याला माझं लाल कुलूप लावायला गेले, तर तिथे हे महाशय आधीच हजर. आमचा नियम साधा आहे. यंत्रावर काम करणाऱ्याने खटक्याला आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्याच खिशात ठेवायची. दुसऱ्याचं कुलूप कोणी म्हणजे कोणी काढायचं नाही. शेवटचं कुलूप निघेपर्यंत यंत्र सुरूच होत नाही.

“हे कुलूप कोणाचं?” मी आवाज चढवला.

“माझं.” पंपामागून आधी केस वर आले, मग ग्रीसचा टिळा लागलेलं कपाळ, आणि मग... डोळे.

“माझ्या पंपावर?”

“पंप अजून आमच्या कंपनीचा आहे, मॅडम. चालू करून दिला की तुमचा.” तो हसला. “मी हर्षित, तुमसरचा. पंप सुरू करून द्याले आलो.”

“मी नूपुर. इथली मेंटेनन्स इंजिनिअर. मला विचारल्याशिवाय या खटक्याला कोणी हात लावत नाही.”

“मंग लावा ना तुमचंही. बाजूले जागा आहे.”

लावलं. रागाने लावलं, हे मुद्दाम सांगते.

पंप सुरू करणं म्हणजे बटण दाबणं, असं ज्यांना वाटतं त्यांचेच पंप जळतात. आधी पाइपातली जाळी साफ करा, तेल बघा, मोटर आणि पंप अगदी एका रेषेत बसवा. या रेषेपायी हर्षितने मला जेवायलासुद्धा सोडलं नाही. केसाएवढा फरक निघाला तरी पुन्हा नट ढिले.

“एवढं कोण बघतं हो?” मी वैतागले.

“दोघांले जन्मभर सोबत फिरायचं आहे, मॅडम. सुरुवातीलेच वाकडं बसलं तर रोजची खडखड.”

“तुम्ही मोटर आणि पंपाचंच बोलताय ना?”

“मंग? तुमाले काय वाटलं?” चेहरा इतका साळसूद की मला पाना फेकून मारावासा वाटला.

मग पंपाचा दांडा हाताने फिरवून बघायचा होता. आत काही घासतंय का, ते ऐकायला आम्ही दोघांनी दोन बाजूंनी पंपाला कान लावले. तो हळूहळू दांडा फिरवत होता. मी ऐकत होते — म्हणजे ऐकायचा प्रयत्न करत होते. पंप अगदी गुळगुळीत फिरला. धडधड होत होती ती माझी.

“काही आवाज?” त्याने विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. काय सांगणार?

त्याच दिवशी चहा पिताना तो सहज बोलून गेला, “हा सुरू झाला की संध्याकाळीच निघतो. चंद्रपूरले एक पंप वाट पाहून राहिला. तिथून रायपूर. मंग कुठं धाडतील, देव जाणे.”

माझा चहा तिथेच गार झाला. आपला पंप सुरूच होऊ नये, असं वाटणारी मी जगातली पहिलीच इंजिनिअर असेन.

सुरू करायच्या दिवशी मालक ओमप्रकाशजी मुहूर्त काढून आले. सोबत त्यांच्या पत्नी, इंदुताई. ताईंनी मनोभावे पूजा केली, नारळ फोडला आणि झेंडूचा भलामोठा हार घेऊन तो नेमका मोटर आणि पंपाला जोडणाऱ्या दांड्याला गुंडाळला. फिरणाऱ्या दांड्याला! दांड्यावरची संरक्षक जाळी हळदकुंकवासाठी काढून ठेवलेली.

“दाबा बटण!” ओमप्रकाशजी ओरडले. “मुहूर्त निघून चालला ना!”

हर्षित मागे व्हॉल्व्हपाशी होता, त्याला हार दिसत नव्हता. आणि पंपाच्या पोटात अजून पाणीही भरलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर पंप बिघडला असता, आणि दुरुस्तीसाठी हर्षितला महिनाभर राहावं लागलं असतं. हा विचार मनाला शिवला नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. तो मनात चांगला ऐसपैस बसला होता.

पण ताईंचा पदर त्या हाराच्या इतका जवळ होता...

“थांबा, साहेब! माझं कुलूप निघणार नाही,” मी म्हटलं. “दांडा फिरला की हारासोबत ताईंचा पदरही ओढून घेईल. आणि पंपात हवा आहे. कोरडा चालवला तर जळेल.”

“माझंही कुलूप नाही निघत,” हर्षित पुढे येऊन माझ्या शेजारी उभा राहिला.

ओमप्रकाशजी लालबुंद. “अरे, मुहूर्ताचं काय?”

“थांबा ना जी!” इंदुताईंनी स्वतःच हार सोडला. “घरी पाहुणा आला तर आपण आधी पाणी देतो. मंग यालेच काहून कोरडं पळवून राहिले?”

मालक बाजूला सरकले. पंपाला पाणी पाजायला घेतलं. टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडला, वरची छोटी तोटी मी सैल केली. आतली हवा फुस्सकन निघाली, मग गुडगुड झाली, मग एक घसघशीत ढेकर. हर्षित वाकून बघायला आणि तोटी माझ्याकडून जरा जास्तच उघडायला एकच गाठ पडली. पाण्याचा फवारा थेट आमच्या दोघांवर! एप्रिलातल्या नागपुरात थंड पाणी... त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते. तो बघत राहिला, मीही.

“मॅडम,” तो हळूच म्हणाला, “बुडबुडे संपले.”

“हो?”

“मघाशीच.”

मी तोटी बंद केली. जाळी पुन्हा बसवली. मग त्याने हिरवं कुलूप काढलं. मी माझं लाल कुलूप काढलं, जमेल तितकं सावकाश. बटण मीच दाबलं. पुढचा व्हॉल्व्ह त्याने सावकाश उघडला आणि पंप असा सुरेख चालला की मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

“झाला पंप तुमचा,” हर्षित म्हणाला.

“हो,” मी म्हटलं. नुसतं हो! एवढी शिकलेली मुलगी मी.

ताईंनी त्याला पेढे खायला थांबवून घेतलं आणि मी धावत बाहेर गेले.

तो बॅग घेऊन आला तेव्हा त्याच्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला माझं लाल कुलूप होतं. सोबत आमची नेहमीची पाटी — ‘धोका! चालू करू नये. काम सुरू आहे.’ खाली नाव, नूपुर.

“हे कुलूप कोणाचं?”

“माझं.”

“माझ्या गाडीवर?” तो हसू दाबत होता. “आणि कोणतं काम सुरू आहे?”

“तू मला आवडतोस,” मी एका दमात बोलून टाकलं. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. “जाऊ नको असं नाही म्हणत. पण हे ऐकल्याशिवाय... नाही जाऊ देणार.”

तो गुडघ्यावर बसला, बॅगेतून हिरवं कुलूप काढलं आणि माझ्या कुलपाच्या बाजूला लावलं. खट्ट.

“हे काहून?” मी विचारलं.

“तुझं काम एकटीचं थोडीच आहे? मी पण लागलो ना कामाले, पहिल्या दिवसापासून.” त्याचे कान लाल झाले होते. “आता दोघांनी काढल्याशिवाय गाडी हालत नाही.”

“आणि चंद्रपूर?”

“उद्या जाईन. रविवारी परत येईन. चंद्रपूर काय परदेशात आहे?”

दोन्ही चाव्या आपापल्या खिशात होत्या. काढायची घाई कुणालाच नव्हती.

तेवढ्यात दारातून इंदुताईंची हाक आली, “काहून वं नूपुर, पाहुण्याले उन्हात उभं करून ठेवलं? आत आण त्याले, आधी पाणी दे!”