आदल्या दिवशीचा चहा

फाशीची वेळ टळून गेली होती आणि ज्याला लटकवायचं तो बेशुद्ध पडला होता. दुसऱ्यांदा.

तपासणीसबाईंना सकाळी फोन आला तेव्हा त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. वरून हुकूम होता : गेल्या तारखेलाही असंच झालं, हे कोण करतंय ते शोधा.

कायदा असा होता की आजारी माणसाला फासावर द्यायचं नाही. आधी त्याला बरा करायचा, धडधाकट असल्याची डॉक्टरची सही घ्यायची आणि मग मारायचं. बाईंचं अर्धं आयुष्य कायद्याच्या पाठीमागे फरफटत गेलं होतं, पण हे कलम लिहिणाऱ्याला त्या दिवशी जेवण कसं गेलं असेल, हे कोडं त्यांना सुटलं नव्हतं.

तुरुंगाच्या अधीक्षकांनी उठून खुर्ची दिली. पांढरे केस, मऊ बोलणं, महिनाअखेरीला निवृत्त होणारे. चहा आला. बाईंच्या कपात दोन चमचे साखर पडली. अधीक्षकांनी स्वतःचा कप तसाच तोंडाला लावला.

"माझं गोड बंद आहे," ते म्हणाले. "बाई, उगाच पायपीट करू नका. त्याची बहीण दोन्ही वेळा आदल्या दिवशी भेटून गेली. तिला उचला, मोकळ्या व्हा."

"जाळीपलीकडून ती काय देणार?"

"माया आंधळी असते हो."

बाईंनी चहा संपवला आणि गुडघा सांभाळत उठल्या.

तुरुंगाच्या दवाखान्यातला डॉक्टर दोन दिवसांची दाढी घेऊन बसला होता.

"विष?" बाईंनी विचारलं.

"गेल्या वेळी रक्त पाठवलं होतं. विष निघालं नाही. घाम, थरथर, मग शुद्ध जाते. ग्लुकोजचं सलाईन लावलं की उठून बसतो. थोड्या वेळाने परत झापड. मला वाटलं, भीती आणि रिकामं पोट."

"साखर तपासली नाहीत?"

"मशीनच्या पट्ट्या संपल्यात. मागणी केलीय."

"दोर बरा वेळेवर आला."

डॉक्टरने मान खाली घातली. "माझ्यावर संशय असेल तर सरळ सांगा."

"तुम्हाला फाशी थांबवायची असती तर सहीच केली नसतीत. त्यासाठी माणूस पाडायची गरज काय?"

"रोज वाटतं, करू नये," डॉक्टर म्हणाला. "मग वाटतं, मी नाही केली तर दुसरा करेल."

कोठडीबाहेरच्या पहारेकऱ्याला सगळे पैलवान म्हणत.

"त्याच्याआधी प्रत्येक घास मी चाखतो," तो म्हणाला. "नियमच आहे. पाणीही एकाच माठातलं."

"आणि तू ठणठणीत."

"म्हणूनच सगळे माझ्याकडे बघतात ना, बाई."

"काल तो जेवला?"

"कुठला. आदल्या दिवशी त्याला घास उतरत नाही. दोन्ही वेळा ताट मीच संपवलं." मग खजील होऊन, "टाकून कसं द्यायचं?"

"आत कोण कोण गेलं?"

"तपासायला डॉक्टर. मग हुकूम वाचून दाखवायला अधीक्षकसाहेब. बहीण जाळीवरच."

कैदी खाटेवर होता, मनगट दांड्याला साखळीने बांधलेलं. त्याने दोन माणसं मारली होती. तो ते कधी नाकारत नव्हता.

"तूच काही खाल्लंस का?"

"मी? दयेच्या अर्जावर सही करायलाही मी तयार नव्हतो. ताईने पाय धरले म्हणून केली. दोनदा तिचा निरोप घेतला. आता रडूही येत नाही. उरका एकदाचं."

"काल पोटात काय गेलं?"

"चहा. साहेब दोन कप घेऊन येतात, हुकूम वाचून झाल्यावर बसतात जरा. एवढ्या वर्षांत माझ्याशेजारी दुसरं कोण बसलंय? चहा मात्र कडूजहर. ते पितात तसाच मला."

"गेल्या वेळीही?"

"गेल्या वेळीही."

बाहेर बाकावर बहीण बसली होती. बाई दिसताच ती उभी राहिली.

"तुम्हाला सापडलं की तो बरा होणार," ती म्हणाली. "बरा झाला की मरणार. तरी शोधणार तुम्ही?"

बाई बाकापासून बाजूला गेल्या. त्या फोनवर प्रयोगशाळेशी बोलल्या. पहिल्या वेळच्या रक्तातलं थोडं शिल्लक होतं. त्यात एकच औषध बघा, त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं.

अधीक्षकांच्या खोलीत बाईंनी डॉक्टर आणि पैलवान दोघांनाही बोलावून घेतलं.

"माझ्या जाऊबाई मधुमेहाची गोळी घेऊन उपाशीपोटी एका लग्नाला गेल्या," त्या म्हणाल्या. "घाम फुटला, हात थरथरले, मांडवातच कोसळल्या. तोंडात साखर घातली तेव्हा डोळे उघडले. साखर उतरवणारी गोळी विषाच्या तपासणीत दिसत नाही, तिला मुद्दाम शोधावं लागतं. आम्ही शोधली. सापडली."

त्यांनी प्रयोगशाळेचा कागद टेबलावर ठेवला.

"जेवण पैलवान चाखतो, पाणी एकच. बहीण जाळीपलीकडे. डॉक्टरला नुसता नकार पुरला असता. कैद्याला सुटकाच नको होती. न चाखता आत गेलं ते फक्त साहेबांच्या हातचं. बिनसाखरेचा कडू चहा, म्हणजे गोळीची चव लपली आणि साखरेचा उताराही मिळाला नाही. साहेब, तुमच्या गोळ्या खणात आहेत की खिशात?"

अधीक्षकांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"एक फाशी मी दिलीय," ते म्हणाले. "तरुणपणी. फळी पडल्याचा आवाज अजून येतो, कुठलंही दार आपटलं की. मला फक्त महिना काढायचा होता. तेवढे दिवस तो जगला ना?"

"गोळी जरा जास्त झाली असती तर तिथेच मेला असता. खालच्या कोर्टाने वरच्यावर ढकललं, वरच्याने सरकारवर, सरकारने तुमच्यावर. तुम्ही, माझ्या हातून होणार नाही, एवढं तोंडाने म्हणायचं होतं. त्याऐवजी त्याला दोनदा मरणाच्या तोंडाशी नेऊन आणलंत, आणि वर मला म्हणता, बहिणीला उचला."

"अहवाल एक तारखेनंतर दिलात तर?"

"म्हणजे आता मीही ढकलू?"

बाईंनी अहवाल त्याच संध्याकाळी दिला आणि जाताना बहिणीला सांगितलं, वकिलाला म्हणावं हा कोर्टासमोर ठेव.

वकिलाने ठेवला. कोर्ट म्हणालं, सरकारच्याच माणसाने ज्याला दोनदा फासाच्या तोंडी असं छळलं, त्याला तिसऱ्यांदा तिथे नेता येणार नाही. जन्मठेप.

ही बातमी सांगायला बाई स्वतः गेल्या.

"म्हणजे दया आली नाही कुणाला," कैदी म्हणाला. "साहेब घाबरले म्हणून वाचलो."

"हो."

"कुठे आहेत ते?"

"दुसऱ्या तुरुंगात. आत."

त्याने साखळीच्या खुणेवरून अंगठा फिरवला.

"तिथे सांगून ठेवा, बाई. चहा बिनसाखरेचा द्या म्हणावं. त्यांचं गोड बंद आहे, आणि आत कुणी विचारत नाही."