पितरांत अडकलेला प्रोसेसर

"मॅडम, हे ग्राफिक्स कार्ड बघा ना, लाइटचा कलर पण बदलतो!"

अरे देवा! मी काय गेम खेळायला आलेले? मानपाड्याच्या छोट्याशा कंपनीत मी चिपचं डिझाइन करते, आणि ते तपासणारं सॉफ्टवेअर गोगलगायीसारखं सरपटत होतं. "कल्पिता, महिनाअखेर तपासणी संपली नाही तर काम बेंगळुरूला. आणि तूही," साहेबांनी सुनावलेलं. मला डोंबिवली सोडून कुठ्ठेही जायचं नव्हतं. म्हणून नवीन मशीन घ्यायला कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरले, तर काउंटरमागे हा दुकानवाला सर्वेश!

"माझं सॉफ्टवेअर एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं," मी दातओठ खात म्हटलं. "ढीगभर कोअर नकोत. एकच द्या, पण सुसाट. आणि रॅम भरपूर."

"एकच... पण सुसाट," तो माझ्याकडे बघत हसला. खळी पडते मेल्याला! मी रागारागाने ऑर्डर दिली.

दुसऱ्या दिवशी मशीन तयार, पण दारात त्याची आई, सगुणामावशी, उभी. "पितृपक्ष हाय बाय. नवी वस्तू दुकानाभाईर जायाची नाय."

"अहो मावशी, तोवर थांबले तर मला बेंगळुरूला पाठवतील!"

"सर्वपित्री होऊं दे, मग ने."

मी कपाळावर हात मारला. सर्वेशने डोकं खाजवलं. "आये, मॅडमच्या जुन्या मशीनची दुरुस्ती केली तर?"

मावशी विचारात पडल्या. "दुरुस्ती चालंल."

पठ्ठ्याने नवीन मशीन खोललं, बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं उचललं आणि ऑफिसात येऊन माझ्या धुळकट डब्यात बसवलं. मी टॉर्च धरलेला.

"मॅडम, टॉर्च भिंतीवर चाललाय तुमचा."

"तुम्ही असं बघताय... म्हणून!"

मग रोज यायला लागला. आज पंखा बघतो, उद्या केबल बघतो... अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही. पण मनातलं बोलेल तर शपथ! मीच आपली जीव मुठीत धरून स्क्रीनकडे आणि त्याच्याकडे बघत बसायचे.

महिनाअखेरीला दोन दिवस बाकी असताना तपासणी संपली. मी धावतच दुकानात गेले. "बेंगळुरू कॅन्सल!"

सर्वेश मटकन स्टुलावर बसला. डोळे भरलेले त्याचे.

"अरे, काय झालं?"

"आठवडाभर घास उतरत नव्हता गं... तू गेली असतीस तर मी... म्हणजे, मला तू..."

"मग तोंड शिवलेलं का तुझं? मला वाटलं, मी एकटीच वेडी झालेय!"